सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि फिजिक्समधलं क्षेत्र

शाळेत चुंबकाच्या धड्यात एक व्याख्या होती. चुंबकाभोवतीच्या ज्या भागात त्याचा प्रभाव जाणवतो तो भाग म्हणजे चुंबकीय क्षेत्र, अशा अर्थाची. आम्ही ती घोकली, पेपरात उतरवली आणि दोनपैकी दोन मार्क घेतले. पुढे बरीच वर्षं फिजिक्सबद्दल काहीही वाचायला घेतलं की तीच व्याख्या पायात पायात यायची. का, ते कळायला फार उशीर झाला. ती व्याख्या जागेबद्दल बोलते, आणि फिजिक्समधलं क्षेत्र ही जागा नव्हेच.

मराठी कानाची इथे जरा पंचाईत आहे. आपल्याला 'क्षेत्र' भेटतं ते सातबाऱ्यावर, अमुक हेक्टर तमुक आर असं. नाहीतर धरणाचं लाभक्षेत्र, पोलीस ठाण्याचं कार्यक्षेत्र, श्रीक्षेत्र पंढरपूर. सगळीकडे एक हद्द असते. त्यामुळे चुंबकालाही धरणासारखं लाभक्षेत्र असणार आणि त्याच्या पलीकडच्या टाचणीला पाणी मिळत नसणार, असं चित्र डोक्यात पक्कं बसतं. प्रत्यक्षात चुंबकाच्या क्षेत्राला बांध नाही. लांब जावं तसं ते झपाट्यानं क्षीण होतं, पण अमुक ठिकाणी संपलं असं दाखवता येत नाही.

शब्द मात्र चुकलेला नाही. आपलं 'शेत' हे 'क्षेत्र'चंच झिजलेलं रूप, आणि इंग्रजीतही या कल्पनेला शेताचाच शब्द आहे. ते शेत पुढे कामाला येईल, तेव्हा विसरू नका.

फोनमधला आकडा

व्याख्या बाजूला ठेवू आणि आधी एक क्षेत्र मोजूनच बघू. बहुतेक स्मार्टफोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकत्व मोजणारी एक बारीकशी चिप असते. तिचा आकडा थेट दाखवणारी फुकट ॲप मिळतात. आत्ता जेवणाच्या टेबलावर फोन ठेवलाय आणि पडद्यावर ४२-४३ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) दिसतंय. शेवटचा अंक सारखा थरथरतोय. हे पृथ्वीचं चुंबकत्व. फोन लोखंडी कपाटाशी नेला की आकडा सत्तरीत जातो, त्याच कपाटाच्या दुसऱ्या कोपऱ्याशी तिशीच्या खाली उतरतो. गॅस सिलिंडर, मिक्सर, खिडकीचे गज, प्रत्येकापाशी वेगळीच तऱ्हा. जुन्या स्पीकरचं चुंबक जवळ आणलं तर आकडा हजारांत उडी मारतो. (हे फार हौसेनं करू नका. नंतर होकायंत्र बराच वेळ वेड्यासारखं वागतं आणि हवेत आठाचा आकडा काढून त्याला ताळ्यावर आणावं लागतं.)

आता घरातल्या प्रत्येक ठिकाणी, टेबलावर, माळ्यावर, फ्रिजच्या मागे, हवेत लटकणाऱ्या प्रत्येक बिंदूपाशी असा एकेक आकडा आणि एकेक दिशा टिपली आहे, असं समजा. आकड्यांची आणि बाणांची ही जी गर्दी झाली, तिला चुंबकीय क्षेत्र म्हणायचं. खोली म्हणजे क्षेत्र नाही. खोलीतल्या प्रत्येक बिंदूची जी अवस्था आहे, ती सगळी मिळून क्षेत्र. ही अवस्था वेळेनुसार बदलूही शकते.

हवामानाच्या नकाशात हेच असतं. नागपूरला इतकं तापमान, महाबळेश्वरला तितकं, मधल्या प्रत्येक गावाला काहीतरी. म्हणजे तापमानाचं क्षेत्र झालं, नुसत्या आकड्यांचं. वाऱ्याच्या नकाशात आकड्याला दिशाही चिकटते, म्हणून ते बाणांचं क्षेत्र. इथवर क्षेत्र ही हिशेबाची एक सोय वाटते, आणि तापमानापुरती ती आहेही. तापमान हवेचं असतं. हवाच काढून घेतली तर मोजायचं काय?

पण टेबलावरचा फोन काचेच्या हंडीत ठेवून आतली सगळी हवा उपसून टाकली, तरी पडद्यावर ४२-४३च दिसणार. मग हा आकडा कशाचा? आत तर काहीच उरलेलं नाही. आधुनिक फिजिक्समधली क्षेत्राची सगळी गोष्ट या एका प्रश्नातून उलगडते.

विजेच्या ट्रामची अडचण

त्याआधी कुलाब्याला जाऊन येऊ. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. टांगलेलं चुंबक किती वळलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं, असं हे चिकाटीचं काम. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर काढत बसले होते, तेव्हा त्यांना डागांच्या मध्येच एक पांढरा झगझगीत भडका दिसला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि नुसत्या त्या वादळानं तारांत उठवलेल्या विजेवर एकमेकांना तारा पाठवल्या. कुलाब्यात काय झालं? क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे १.६ मायक्रोटेस्लांनी कोसळला. आजच्या फोनला सहज कळेल एवढा हा फरक आहे. चुंबकीय वादळांच्या इतिहासात ही कुलाब्याची नोंद फार मोलाची मानली जाते.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. वेधशाळेसाठी ही आफतच होती. तारांतून आणि रुळांतून प्रवाह वाहणार, त्यामुळे कुलाब्याचा आकडा हलणार, आणि तो सूर्यामुळे हलला की ट्राममुळे, हे कसं ओळखायचं? म्हणून नोंदींचं काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवलं. तिथल्या इमारतीत चुंबकत्व असणारं सामान कटाक्षानं टाळलं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी वही नव्या वहीला नीट जोडता येईल. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.

मला ही गोष्ट आवडते ती वेगळ्याच कारणासाठी. कुलाब्याच्या त्या सुईला सूर्य ठाऊक नव्हता. पृथ्वीच्या पोटात घुसळणारं वितळलेलं लोखंड ठाऊक नव्हतं, गिरगावातली ट्रामही ठाऊक झाली नसती. तिला कळत होतं ते एवढंच, की आत्ता, इथे, आपल्या टोकाशी क्षेत्र किती आणि कुठल्या दिशेचं. ते कुणामुळे आलं ही चौकशी माणसं करतात. सुई फक्त आपल्या पायाखालचं बघते.

क्षेत्र या कल्पनेचा गाभा हा आहे. जे घडतं ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे निरोप जावा तसं घडतं. दुरून कुणी कुणाला ओढत नाही.

न्यूटनची बोच

न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात मात्र दुरून ओढणंच होतं. सूर्य पृथ्वीला ओढतो. मध्ये १५ कोटी किलोमीटर रिकामं आहे, तरी ओढतो, आणि तेही त्याच क्षणी. गणित बिनचूक यायचं, ग्रहणाची वेळ मिनिटावर सांगता यायची, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. स्वतः न्यूटनला मात्र ते पटत नव्हतं. मध्ये कुठलंही माध्यम नसताना एक वस्तू दुसरीवर दुरून परिणाम करते, हे इतकं विसंगत आहे की विचार करू शकणाऱ्या माणसाला ते मान्य होणार नाही, असं त्यानं धर्मपंडित रिचर्ड बेंटली यांना १६९३ च्या पत्रात कळवलं. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या शोधातली भेग स्वतःच दाखवायला धाडस लागतं. ती बुजवायला पुढची दीडशे वर्षं गेली, आणि सुरुवात केली ती गणिताशी फारसं सख्य नसलेल्या माणसानं.

मायकेल फॅरेडे पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारी करून वर आलेला. समीकरणं त्याला जमत नसत, म्हणून तो चित्रं बघायचा. कागदाखाली चुंबक धरून वर लोखंडाचा कीस भुरभुरायचा आणि कागदाला हलकी टिचकी मारायची. लहानपणी आम्ही समुद्रावरच्या वाळूत चुंबक फिरवून काळी पूड गोळा करायचो आणि हेच करायचो. पहिल्या टिचकीला काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या टिचकीला कीस एकदम उभा राहतो, माळेत बसतो, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमानी उमटतात. आम्हाला ती गंमत वाटली. फॅरेडेला वाटलं, या कमानी कीस टाकण्याआधीही इथेच होत्या. किसानं त्या फक्त दाखवल्या. चुंबकाची खरी करामत चुंबकात नाही, भोवतीच्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत चालू आहे, या एका हट्टावर त्यानं आयुष्य काढलं.

त्याच्या चित्रांना गणिताचा अंगरखा चढवला जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं. वीज आणि चुंबकत्व यांची समीकरणं जुळवताना त्याला दिसलं, की एका जागी विजेचं क्षेत्र बदललं तर शेजारी चुंबकीय क्षेत्र जागं होतं, ते बदललं की त्याच्या शेजारी पुन्हा विजेचं. हा पाठशिवणीचा खेळ लाटेसारखा पुढे सरकतो. किती वेगानं? वेबर आणि कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नुसते विद्युतभार आणि प्रवाह मोजून काढलेला आकडा त्यानं समीकरणात घातला, तर सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर आले. आणि फिझोनं दातेरी चाक फिरवून प्रकाशाचा वेग मोजला होता ३,१४,८५८. (दोन्ही आकडे थोडे जास्तच होते, खरा वेग २,९९,७९२. पण जवळीक बोलकी होती.) प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्रातली लाट हे त्यातून निघालं. १८८०च्या दशकाच्या शेवटी हाइनरिख हर्ट्झनं तशा लाटा प्रयोगशाळेत स्वतः निर्माण करून पकडल्या. रेडिओ, मोबाइल, वायफाय, मायक्रोवेव्ह ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी.

तरीही शंका उरते. क्षेत्र खरंच असतं, की ते फक्त हिशेबाच्या वहीत असतं?

याचं सर्वांत चोख उत्तर व्हॉयेजर-१ देतं. १९७७ साली निघालेलं हे यान आता इतकं दूर आहे, की त्याचा रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगानं निघूनही पृथ्वीवर पोचायला २३ तासांहून जास्त लागतात. त्याचा ट्रान्समीटर जेमतेम २३ वॉटचा, म्हणजे घरातल्या एका मोठ्या एलईडी बल्बएवढा. समजा संदेश पाठवून यान त्याच क्षणी नष्ट झालं. इकडे अँटिनाला अजून काहीच मिळालेलं नाही. मग खर्च झालेली ती ऊर्जा तेवीस तास आहे कुठे? यानात नाही, अँटिनात नाही, मध्ये एखादी वस्तूही नाही. ऊर्जा हरवत नाही या नियमावर तुमचा विश्वास असेल, तर ती कुठेतरी ठेवावीच लागते. ती क्षेत्रात आहे. ज्याच्यात ऊर्जा साठते आणि जे धक्काही देऊ शकतं (सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणारं शीड जपानच्या इकारोस यानानं २०१० साली अवकाशात उघडलं), त्याला 'नुसती कल्पना' म्हणणं जड जातं.

एकोणिसाव्या शतकात लोकांनी यातून एक साहजिक निष्कर्ष काढला. लाट आहे तर ती कशात तरी असणार. पाण्याची लाट पाण्यात, आवाज हवेत, तसा प्रकाश 'ईथर' नावाच्या अदृश्य पदार्थात. पृथ्वी त्या ईथरमधून धावत असेल तर त्याचा वारा लागायला हवा. मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ साली तो वारा शोधला आणि मिळाला नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइननं दाखवलं, की ईथरची गरजच नाही.

इथे बहुतेकांचा पाय अडखळतो, माझाही अडखळला होता. मग क्षेत्र बनलंय कशाचं? कशाचंच नाही. हे उत्तर टोलवाटोलवीचं वाटतं, पण उतरंडीचं तळाचं मडकं कशावर ठेवलंय असं विचारल्यावर 'जमिनीवर' म्हणावंच लागतं. 'बनलंय कशाचं' हा प्रश्न टेबलाला विचारता येतो, लाकडाला विचारता येतो, अणूलाही विचारता येतो. क्षेत्रापाशी तो थांबतो. बाकीच्या वस्तू क्षेत्राच्या बनलेल्या आहेत.

हे शेवटचं वाक्य जरा घाईत आलं. ते विसाव्या शतकाचं आहे.

वाऱ्यानं हललेलं शेत

ज्वारीचं उभं पीक बांधावरून बघा. वाऱ्याची झुळूक आली की शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एक लाट सळसळत जाते. लाट नीट दिसते, बोट दाखवून 'ती बघ चालली' म्हणता येतं. पण धावलं कोण? एकही ताट जागचं हललेलं नाही. प्रत्येक ताट वाकलं आणि सरळ झालं, एवढंच.

पुंजवादानं, म्हणजे क्वांटम सिद्धांतानं, सांगितलं ते असं: इलेक्ट्रॉन हा दाणा नाही, ती सळसळ आहे. सगळ्या विश्वभर एकच 'इलेक्ट्रॉन-क्षेत्र' पसरलेलं आहे आणि आपण ज्याला इलेक्ट्रॉन म्हणतो ती त्या क्षेत्रातली हालचाल. प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, ही विद्युतचुंबकीय क्षेत्रातली हालचाल. प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कांची क्षेत्रं वेगळी, न्यूट्रिनो नावाच्या कणांची वेगळी. ती सगळी एकाच जागेत एकमेकांतून आरपार पसरलेली आहेत, आणि काही ठिकाणी एकमेकांना धक्के देतात.

ज्वारीच्या शेतात आणि या शेतात दोन फरक आहेत, ते सांगायलाच हवेत. एक तर इथे ताटं नाहीत, नुसती सळसळच आहे. दुसरा फरक मोठा. ज्वारीत हवी तितकी हलकी झुळूक चालते. पुंज क्षेत्रात चालत नाही. दिलेल्या कंपनसंख्येसाठी एक किमान हप्ता ठरलेला असतो. द्यायचा तर पूर्ण हप्ता द्या, दोन द्या, सतरा द्या. अर्धा घेतला जात नाही. हा एकेक हप्ता म्हणजेच कण. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारं १० किलोवॉटचं एफएम केंद्र सेकंदाला असे १ वर २९ शून्यं इतक्या संख्येचे हप्ते सोडतं, म्हणून ते आपल्याला सलग वाटतं. पिठाच्या राशीत कण दिसत नाहीत, तसं. रात्री अंधारात काढलेला फोटो दाणेदार येतो, त्या दाणेदारपणातला काही भाग मात्र प्रकाश असा सुट्टा सुट्टा पोचल्याचाच असतो.

पॉल डिरॅकनं १९२७ साली विद्युतचुंबकीय क्षेत्राला हे हप्त्यांचे नियम लावले. पुढच्या काही वर्षांत इलेक्ट्रॉनलाही तसंच वागवलं गेलं. त्यातून सुटलेलं एक कोडं मला अजून थक्क करतं. काही अणूंच्या केंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पण केंद्रात इलेक्ट्रॉन नसतातच, असतात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. मग बाहेर आला कुठून? एन्रिको फर्मीनं १९३४ च्या सिद्धांतात हिशेब मांडला, की तो आत नव्हताच, बाहेर पडताना निर्माण झाला. बल्ब लावला की प्रकाश येतो, पण बल्बच्या आत फोटॉन भरून ठेवलेले नसतात, तसंच हे. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना इलेक्ट्रॉन-क्षेत्राला एक हप्ता मिळाला आणि इलेक्ट्रॉन जन्मला. यासाठी अणुभट्टीकडे जायला नको. जळगावचं एक केळं घ्या. त्यातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा हिस्सा किरणोत्सारी असतो, आणि त्यामुळे एका केळ्यात दर सेकंदाला दहा-बारा इलेक्ट्रॉन नव्यानं तयार होतात. केळं निर्धास्त खा, आपल्या शरीरातही हे सतत चालू असतं.

क्षेत्राच्या भाषेत आणखी एक गोष्ट आपोआप उलगडते. विश्वातले सगळे इलेक्ट्रॉन हुबेहूब सारखे का? टांकसाळीतून निघालेली दोन नाणीसुद्धा भिंगाखाली वेगळी दिसतात. चंद्रावरचा इलेक्ट्रॉन आणि तुमच्या नखातला इलेक्ट्रॉन यांच्यात मात्र कणाचाही फरक नाही. कारण ती दोन नाणी नाहीत. एकाच खात्यात पाचशे रुपये जमा आहेत, त्यातला दोनशेवा रुपया कुठला, असं विचारण्यासारखं ते आहे. क्षेत्र एक आणि हप्ता ठरलेला, मग फरक येणार कुठून?

मग चुंबकीय क्षेत्र फॅरेडेला किसातून दिसलं आणि इलेक्ट्रॉन-क्षेत्र कुणालाच का दिसलं नाही? याचं उत्तर रेल्वेच्या भाषेत बरं सांगता येतं. काही क्षेत्रांचे कण जनरलच्या डब्यासारखे: एकाच अवस्थेत कितीही घुसा. ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली फोटॉनांच्या या स्वभावाचं गणित मांडलं, म्हणून अशा कणांना बोसॉन म्हणतात. असंख्य फोटॉन एका तालात साचले की मोठी, संथ, मोजता येणारी लाट उभी राहते. रेडिओची लाट अशीच. इलेक्ट्रॉन मात्र रिझर्व्हेशनवाले: एका अवस्थेत एक, दुसऱ्याला जागा नाही. ते साचून मोठी लाट होत नाही, म्हणून आपल्याला ते नेहमी सुटे, दाण्यांसारखे भेटतात. प्रकाशाला लाट आणि इलेक्ट्रॉनला कण समजून फिजिक्सनं बरीच वर्षं काढली, ती या डब्यांच्या फरकामुळे. आणि टेबलातून हात आरपार जात नाही, त्यामागेही ही एक-बर्थ-एक-प्रवासी शिस्त मोठं कारण आहे.

रिकामं, पण स्वस्थ नाही

पुंज क्षेत्र पूर्ण गप्प बसू शकत नाही. सगळे हप्ते काढून घेतले, एकही कण उरला नाही, तरी त्याची थोडी चुळबुळ राहते. ऐकायला हे गूढ वाटतं आणि त्यावर दुकान मांडणारेही बरेच आहेत, म्हणून एक आकडाच देतो. इलेक्ट्रॉन स्वतः एक बारीक चुंबक आहे. डिरॅकच्या मूळ समीकरणाप्रमाणे त्याची चुंबकीय ताकद ठरावीक एककात नेमकी १ यायला हवी. भोवतीच्या क्षेत्रांची चुळबुळ धरली तर ती किंचित जास्त भरते. १९४८ मध्ये ज्युलियन श्विंगरनं पहिली दुरुस्ती काढली, ती साधारण १.००११६ येते. आज प्रयोगात मोजलेला आकडा १.००११५९६५२१८ असा जातो, आणि गणितानं काढलेला आकडा त्याच्याशी दशांशचिन्हानंतर दहा-अकरा घरांपर्यंत जुळतो. इतकी तंतोतंत मिळणी फार थोड्या शास्त्रांत सापडेल.

बहुतेक क्षेत्रं रिकाम्या जागेत शून्याभोवती चुळबुळत असतात. एक क्षेत्र मात्र शून्यावर बसतच नाही. ते हिग्जचं. सगळीकडे, तुमच्या डोळ्यांत आणि दूरच्या दीर्घिकांमधल्या पोकळीत, त्याची किंमत सारखीच आणि शून्याहून वेगळी आहे. इलेक्ट्रॉन-क्षेत्राचा त्याच्याशी संबंध येतो आणि त्यातून इलेक्ट्रॉनला वस्तुमान मिळतं. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेनं या क्षेत्रातली सळसळ, म्हणजे हिग्ज बोसॉन, सापडल्याचं जाहीर केलं. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यातल्या त्या प्रयोगात मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) संशोधकही होते. आपल्याकडे त्याचं 'देवकण' असं बारसं झालं आणि आठवडाभर नको ती चर्चा रंगली.

त्यासोबत एक उपमाही फिरली: हिग्जचं क्षेत्र म्हणजे मध, त्यातून चालताना कण अडखळतात आणि जड होतात. ही उपमा टाकून द्यावी असं माझं मत आहे. मधात सोडलेली गोळी हळूहळू थांबते. वस्तुमानामुळे कुठलीच वस्तू थांबत नाही. व्हॉयेजर इतकी वर्षं निघालंच आहे. वस्तुमान वेग बदलायला विरोध करतं, वेगाला नाही. शिवाय 'सगळं वस्तुमान हिग्जमुळे' हेही खरं नाही. साठ किलोच्या माणसात हिग्जचा वाटा किलोभराच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळं वजन प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत क्वार्कांना जखडून ठेवणाऱ्या ग्लुऑन-क्षेत्राच्या आणि तिथल्या धावपळीच्या ऊर्जेचं आहे. वजनकाट्यावर उभे राहता तेव्हा तुम्ही बव्हंशी क्षेत्रांची ऊर्जाच मोजत असता.

राहिलं गुरुत्वाकर्षण, जिथून न्यूटनची बोच सुरू झाली. आइनस्टाइननं १९१५ साली तीही काढली: सूर्य दुरून ओढत नाही, तो आपल्या भोवतीचं स्थळ-काळ वाकवतो, तो वाक शेजारून शेजारी पसरत येतो, आणि पृथ्वी कुलाब्याच्या सुईसारखी फक्त आपल्यापाशी काय आहे ते बघते. पण हे क्षेत्र इतरांसारखं नाही. बाकीची क्षेत्रं स्थळ-काळाच्या जमिनीवरची पिकं आहेत. इथे जमीनच क्षेत्र आहे. लाट आली तर ताटं डुलत नाहीत, मोजणीची साखळीच ताणते आणि आखडते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी अशी पहिली लाट टिपली. शंभर कोटी वर्षांहूनही आधी दोन कृष्णविवरं एकमेकांत कोसळली होती, त्याची ती लाट. चार किलोमीटरच्या बाहूची लांबी बदलली ती प्रोटॉनच्या आकाराच्याही शेकडो पट कमी.

तसंच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. केंद्र सरकारनं त्याला २०२३ मध्ये मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, म्हणजे दोन साखळ्याच, आणि एक आखडते तेव्हा दुसरी किती ताणली ते बघत राहायचं. गुरुत्वाच्या क्षेत्रालाही हप्त्यांचे नियम लागू असतील तर त्याचाही एक कण असायला हवा. त्याला ग्रॅव्हिटॉन असं नावही देऊन ठेवलंय. पण ते नियम लावायला गेलं की गणितात अनंत आकडे येतात आणि ते नेहमीच्या युक्त्यांनी आवरत नाहीत. हिंगोलीचं यंत्र लाटा टिपेल, त्यातला एकटा ग्रॅव्हिटॉन ओळखणं त्याच्याही आवाक्याबाहेरचं आहे.